अंतराळातल्या दाढ्या आणि लोट्यातला मास्क

चेहरे हा माझा धंदा आहे. सावर्ड्याच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे; आधी वडिलांचा होता, आता माझा. लग्नाचे अल्बम आणि ड्रोनचे व्हिडिओ चिपळुणातल्या पोरांनी पळवले, आमच्याकडे राहिले ते पासपोर्टचे फोटो. जहाजावर नोकरी करणारे लोक सुट्टीवर आले की कागदपत्रांसाठी फोटो काढायला येतात. अर्धं वर्ष समुद्रावर काढलेलं असतं, दाढी वाढलेली असते. मी विचारते, "दाढीसकट काढू की करून येताय?" बहुतेक जण उत्तर देण्याआधी बायकोकडे बघतात.

त्यामुळे टीव्हीवर अंतराळयान आलं की लोक यान बघतात आणि मी अधिकाऱ्यांच्या हनुवट्या बघते. ही खोड वडिलांनी लावली. स्टुडिओच्या आतल्या खोलीत, जिथे पूर्वी ते फिल्म धुवायचे, तिथे त्यांनी एक जुना टीव्ही ठेवला होता. रविवारी गिऱ्हाईक कमी असायचं. मग आम्ही दोघं हिंदीत बोलणाऱ्या परदेशी अंतराळवीरांच्या मालिका बघत बसायचो. ओठ एक बोलायचे आणि आवाज भलतंच. वडील म्हणायचे, "भविष्यकाळ कसा असेल ते यंत्रांवरून कळत नाही, न्हाव्यावरून कळतं. या यानातला न्हावी बघ, रोज एवढ्या लोकांची दाढी करतो आणि एकदाही कॅमेऱ्यासमोर येत नाही."

खरंच, जुन्या मालिकांमध्ये सगळे गणवेशवाले गुळगुळीत. भविष्यकाळ म्हणजे चकचकीत भिंती, चकचकीत फरशी आणि चकचकीत गाल, असं त्या वेळच्या लोकांना वाटत असावं. केस म्हणजे भूतकाळ, तो पृथ्वीवर ठेवून यायचा. पुढच्या मालिकांत हळूहळू दाढ्या आल्या. एखादा अधिकारी मधल्या खंडानंतर दाढी वाढवून परत येतो, आणि गंमत म्हणजे यानातलं कोणी त्याला काही विचारत नाही. आमच्या बाजारात असं होऊ दे! वडापाववाला, रिक्षावाला आणि बँकेतला शिपाई, तिघांनी विचारल्याशिवाय माणूस घरी पोचायचा नाही. कोणी वारलं का? नवस बोललाय का? की बायको पोटुशी आहे?

अंतराळातल्या दाढीचे काही नियम मी तेव्हाच काढले होते. टोकदार दाढी दिसली की तो त्याच माणसाचा दुष्ट जुळा समजायचा. ओसाड ग्रहावर अडकलेल्याची दाढी छातीपर्यंत येते. सुटका झाली की तो आधी आरशासमोर उभा राहून ती काढतो, मग गणवेश चढवतो, आणि आपण समजायचं की गडी कामावर रुजू झाला. म्हणजे दाढी हे दुःख, किंवा वाट बघणं. एवढं त्या लोकांनाही कळतं. मिशी मात्र नाही. वडिलांना याचा फार राग यायचा, कारण त्यांची स्वतःची मिशी झुपकेदार होती. "आपल्याकडे मिशीशिवाय इन्स्पेक्टर शोभतो का? एवढी आकाशगंगा पालथी घातली, एक मिशीवाला सापडू नये?" असं म्हणून ते चहा सांगायला बाहेर जायचे.

पुढे माझं लग्नही गणवेशवाल्याशीच झालं. नवरा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे. निळसर गणवेश, खिशावर आडनाव, पायात जड बूट. हायवेवर कंपनीची बस येते आणि त्याला घेऊन जाते. संध्याकाळी घरी असला की मी त्याला माझ्या मालिका बघायला बसवायचे. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्याने माझ्या आनंदावर पाणी ओतलं. पडद्यावर यानात धूर भरला होता, दाढीवाल्या कॅप्टनने झोकात मास्क चढवला आणि तो धुरात शिरला.

"हा मेला," नवरा म्हणाला.

"कशावरून?"

मग त्याने मला समजावलं. कारखान्यात गॅस सुटला तर आत जाणाऱ्या माणसांच्या पाठीवर हवेचं सिलिंडर असतं आणि तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क. त्या मास्कची रबरी कड उघड्या कातडीवर बसावी लागते. दाढीची खुंटं मध्ये आली तरी फटी राहतात, आणि त्या फटींतून गॅस आत येतो. म्हणून शिफ्ट सुरू होताना टीममधल्या प्रत्येकाने मास्क घालायचा, नळीच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर ठीक, नाहीतर बाथरूममध्ये जाऊन आधी दाढी करून यायचं. श्रावण पाळणाऱ्यांशी दरवर्षी यावरून वाद होतो म्हणे.

"आणि मिशी?" मी विचारलं.

"मिशी चालते. ती मास्कच्या आत राहते."

हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते आठवडाभर खुशीत होते. आमच्या घरात मात्र तेव्हापासून रिवाजच पडला. दाढीवाला अधिकारी मास्क घालायला लागला की आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "हा मेला."

माझ्या सासूबाई अंजनवेलच्या बाजूच्या. समुद्राला लागून घर, सासरे मासेमारीला जायचे आणि आई मासे विकायच्या. मी त्यांना आईच म्हणते, त्यांच्या बोलीत आईला आवस म्हणतात. सासरे गेल्यावरही त्या तिथेच राहायच्या, आमच्याकडे सणावाराला यायच्या आणि दोन दिवसांत कंटाळायच्या. इथे वारा नाही, मासा शिळा, शेजारी दार लावून बसतात. तक्रारी सगळ्या खऱ्याच होत्या.

त्यांच्याकडे एक रीत आहे. बायको पोटुशी असली की नवऱ्यानेही काही गोष्टी पाळायच्या. नारळ फोडायचा नाही, कोहळा कापायचा नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, आणि बाळ होईपर्यंत अंगाला वस्तरा लावायचा नाही. आमच्याकडेही ऐकून माहीत होतं, पण पाळत कोणी नव्हतं. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आम्ही त्याचा विचारही केला नाही. नवरा रोज दाढी करून कामावर जात होता, आणि मी रोज स्टुडिओ उघडत होते.

तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं की यात कोणाचीही चूक नसते, असं होतं, पुन्हा होईल. मी मान हलवली. घरी बायका भेटायला आल्या. नवऱ्याची आत्या दारातून निघताना म्हणाली, "तो रोज दाढी तासून जात व्हता. मग काय व्हनार?" उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मला राग आत्याचा नाही आला, आईंचा आला. त्या तिथेच बसल्या होत्या आणि काही बोलल्या नाहीत. ते त्यांचं गप्प बसणं मी मनात जपून ठेवलं, अगदी वर्षभर.

पुन्हा दिवस गेले तेव्हा नवऱ्याने आईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या एसटीतून उतरल्या. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सोडे आणि सुकट. पाणी पितापिताच त्यांनी लेकाला सांगितलं, "आजपासून वस्तरा बंद."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी बोलावं असं त्याला वाटत होतं. मी शिकलेली, स्वतःचं दुकान चालवणारी, मास्कचा नियम तोंडपाठ असलेली. पण मी भाजी निवडत राहिले. खरं सांगायचं तर मलाही ती दाढी हवी होती. रीतीवर माझा विश्वास नव्हता, पण रीत मोडून पुन्हा तसंच झालं असतं तर तो दिवस मला सोसवला नसता. भीती पोटात असली की शिक्षण कुठल्या कुठे जातं.

दोन दिवसांनी तो कामावरून आला आणि म्हणाला, "साहेबांशी बोललो. बाळ होईपर्यंत मला मास्कच्या टीममधून काढलंय. कागदपत्रांचं काम बघायचं." माझा जीव भांड्यात पडला. आईंनी देवासमोर साखर ठेवली.

आणि दाढी वाढायला लागली. आधी खुंटं, मग गवत, मग खरोखरची दाढी. दर रविवारी मी त्याला स्टुडिओत बसवून फोटो काढायचे, आणि मग तो माझा काढायचा. त्याची हनुवटी आणि माझं पोट, दोन्ही वाढत चाललेलं. दाढी त्याला शोभतही होती. कंपनीच्या बसमध्ये त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. किनाऱ्याकडच्या माणसाने एकाएकी दाढी ठेवली की लोक समजतात. ड्रायव्हरपासून सगळ्यांनी एकच विचारलं, "कितवा?" आणि मग ज्याने त्याने आपल्या बायकोच्या वेळची हकिगत सांगितली.

आई आता आमच्याबरोबर टीव्ही बघायला लागल्या. अंतराळयानाला त्या बोट म्हणायच्या, आणि मला ते बरोबरच वाटायचं. पहिल्यांदा दाढीवाला अधिकारी दिसला तेव्हा त्यांनी मला ढोसून विचारलं, "ह्याची बायको पोटुशी हाय काय गो?"

आम्ही हसून लोळलो. पुढच्या दृश्यात आणखी एक दाढीवाला आला.

"ह्याची पन? काय बोट हाय की काय! घरी समद्यांच्या बायका अडलेल्या आनि हे हिंडतायत."

मला तो सिद्धान्त माझ्या सगळ्या नियमांपेक्षा आवडला. इतकी वर्षं मी त्या दाढ्यांत दुष्टपणा आणि दुःख शोधत होते, आणि या बाईने सरळ विचारलं की घरी कोण आहे. अंतराळातल्या मालिकांत हेच नसतं. अधिकारी असतो, त्याचं यान असतं, त्याच्या घरी कोण वाट बघतंय ते शेवटच्या भागात एखाद्या फोटोत दिसलं तर दिसतं.

सहाव्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळ होती. आई पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या, नवरा खाली सतरंजीवर लोळला होता, मी खुर्चीत पाय वर घेऊन. एक नवा सिनेमा लावला होता. यानात पाइप फुटला, पांढरा गॅस पसरला, आणि चांगल्या भरघोस दाढीचा एक अधिकारी मास्क लावून त्यात घुसला. मी सवयीने म्हणाले, "हा मेला."

नवऱ्याने माझ्या सुरात सूर मिसळला नाही. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नाही गं. व्हॅसलीन लावलं असेल त्याने."

एवढंच म्हणाला आणि एकदम जीभ चावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मला आधी काही कळलं नाही, मग फळीवरची डबी डोळ्यांसमोर आली. पोटाची कातडी ताणून खाजायची म्हणून मी व्हॅसलीनची मोठी डबी आणली होती. ती फार लवकर तळाला गेली होती. दुसरी आणली, तीही चालली होती. मला वाटायचं, पोट वाढलंय, लागत असेल जास्त.

मी सिनेमा थांबवला. "तू टीममध्येच आहेस," मी म्हणाले.

त्याने नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही. त्याच्या शिफ्टला टीम सांभाळायला शिकून तयार झालेलं दुसरं कोणी नव्हतं. साहेबांना त्याने सांगितलं, मास्क बसतो, बघा. दाढीला आणि रबराच्या कडेला व्हॅसलीन थापलं, नळीवर हात दाबला, श्वास ओढला, मास्क चिकटला. साहेबांनी दाढीकडे बघितलं आणि विचारलं, कितवा महिना? झाली तपासणी. त्यांच्याही घरात वर्षापूर्वीच बाळ झालं होतं. बाकीच्या लोकांचे मास्क रोज नवराच तपासायचा. त्याचा कोण तपासणार? सगळ्यांनी मायेने डोळेझाक केली होती. परक्या मुलखातला साहेब असता तर त्याने पहिल्याच दिवशी हाकलून बाथरूममध्ये पाठवलं असतं.

"आणि घाम आला की? व्हॅसलीन ओघळलं की?" मी विचारलं.

"अजून तशी वेळ आली नाही."

मी रिमोट आदळला. त्याची बॅटरी उडून कोळंबीच्या सालांत पडली. मी चिडले होते, आणि चिडण्याच्या खाली नुसती भीती होती. मी चेहऱ्यांचा धंदा करते. दर रविवारी त्या हनुवटीवर दिवा धरत होते. दाढी चमकते ती खोबरेल तेलाने असं मला वाटायचं. बाळाला काही होऊ नये म्हणून त्याने स्वतःची छाती पुढे केली होती, आणि ती दाढी मी फोटो काढून साजरी करत होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आम्हाला तर आडात उभं असल्याचाच पत्ता नव्हता.

"काय झालं?" आईंनी विचारलं. नवऱ्याने मला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको. मी सांगितलं. मास्क, कड, खुंटं, सगळं. आईंना ते नीट कळेना. मग मी म्हणाले, "आई, कुकरच्या रबराला भाताचं शीत चिकटलं तर काय होतं?"

"शिटी व्हत नाय. कडेनं वाफ जाते."

"तसंच. फक्त इथे वाफ बाहेर जात नाही, गॅस आत येतो. ह्याच्या नाकात."

आईंनी हातातली कोळंबी सोलून पुरी केली. भांडं बाजूला सरकवलं, उठून हात धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन पाटावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा माझ्यावर चिडतील.

"ह्याच्या बापसानं माझ्या पयल्या वेळेला नऊ महिने वस्तरा लावलान नाय," त्या म्हणाल्या. "छातीपर्यंत दाढी आली व्हती. तरी पोर गेली."

नवरा उठून बसला. "कोण पोर?"

"तुझी बहीन. थोडंच दिवस व्हती. नावपन ठेवलं नव्हतं."

त्याला हे माहीत नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस, आणि आपल्याआधी कोणी होतं हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. त्याने आईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहिला.

मला मात्र राहवेना. "मग आई, हे सगळं कशाला? तुम्हाला माहीत होतं की दाढीने काही होत नाही."

"मग करायचं काय, सांग ना," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुझ्या पोटात काय चाललंय ते तुला दिसत नाय, मला दिसत नाय. पुरुष तर निसता दारात उभा. काय तरी धरून बसायला नको?"

मग वर्षभर जपून ठेवलेला प्रश्न माझ्या तोंडून गेलाच. "आत्या बोलल्या तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"तेवा मला माझंच आठवत व्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळेला दाढी व्हती. म्हनून दाढीवर काय गेलं नाय, समदं माझ्यावर आलं. ही भरल्या टोपल्या उचलते, ही तिन्हीसांजेला पान्यावर जाते. तुझ्या वेळेला दाढी नव्हती, तर दाढीवर गेलं. मला वाटलं, बरं झालं, पोरीवर नाय आलं."

मी रडले. सरळ सांगते, मोठ्याने रडले. वर्षभर मी ज्या गप्प बसण्याचा राग धरला होता, ते म्हणजे त्यांनी माझ्यासाठी धरलेली ढाल होती. आणि या वेळीही त्यांनी लेकाला दाढी ठेवायला लावली ती बाळासाठी होतीच, पण थोडी माझ्यासाठीही होती. काही वाईट झालं असतं, तर निदान कोणाला बोलायला जागा राहिली नसती, असं त्यांना वाटलं असणार. पण जागा नेहमीच राहते, हेही त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"आन रे तुजं सामान," आई लेकाला म्हणाल्या.

गॅलरीत अजून उजेड होता. आईंनी गरम पाणी काढून दिलं आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून आरसा धरला. दाढी लांब झालेली, म्हणून मी आधी माझ्या कात्रीने कापून दिली, फोटो कापायची कात्री. मग त्याने साबण लावला. आईंचा हात अवघडला तरी त्यांनी आरसा हलू दिला नाही. हळूहळू तो ओळखीचा चेहरा बाहेर आला, गाल थोडे पांढरे पडलेले. मिशी त्याने ठेवली. सिनेमात असा माणूस आरशासमोर उभा राहतो तेव्हा संगीत वाजतं आणि आपण समजतो, संकट संपलं. आमच्याकडे खाली कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, आणि मला माहीत होतं की आता पुढचे तीन महिने आपल्याला काही न धरता काढायचे आहेत.

सातव्या महिन्यात ओटी भरली. अंजनवेलहून टेम्पो करून बायका आल्या. आत्या आलीच. नवरा पाण्याचे ग्लास फिरवत होता, आणि त्याची हनुवटी सगळ्या खोलीला दिसत होती. आत्याने डोळे बारीक केले. "दाढी काढलान वाटतं?"

मी खाली मान घातली. मला माझ्या ओटीतले तांदूळ तेवढे दिसत होते.

"मी काढायला लावली," आई म्हणाल्या. "समोर बसून. काय झालं तर मला इचारायचं. हिला नाय, त्याला नाय." आणि त्यांनी माझ्या केसांत गजरा माळला. गजरा दोनदा पडला.

नवव्या महिन्यात एका दुपारी कंपनीत एका पंपातून गॅस सुटला. फार मोठं काही नव्हतं, पेपरात आलं नाही. नवरा मास्क लावून आत गेला, व्हॉल्व्ह बंद केला, बाहेर आला. आम्हाला कळलं ते त्याची बस चुकली आणि फोन आला तेव्हा. घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मास्कच्या कडेचा वळ उठला होता, कपाळावरून कानाजवळून हनुवटीखाली. आईंनी त्याला दिव्याखाली उभं केलं आणि त्या वळावरून बोट फिरवलं, सगळीकडून. मग म्हणाल्या, "जेवून घे."

दाढी असती तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. मी स्वतःला हे विचारते, कारण वस्तरा लावला म्हणून काही होतं असं म्हणणाऱ्यांना मी हसते, तर मलाही फुकट शहाणपण मिरवता येणार नाही. पण दोन भीतींत फरक आहे एवढं मला त्या वर्षी कळलं. एका भीतीवर तळहात दाबून बघता येतो, श्वास ओढून बघता येतो. दुसरीवर कुठेच हात दाबता येत नाही. म्हणून माणसं दुसरीला समजावायला पहिलीकडे डोळेझाक करतात, आणि त्यात कोणाचा तरी श्वास अडकतो.

मुलगी झाली. आता ती चार वर्षांची आहे. आई अंजनवेलला परत गेल्याच नाहीत. वाऱ्याची आणि माशांची तक्रार चालू आहे. टीव्ही आम्ही चौघं मिळून बघतो. मुलगी आजीच्या मांडीवर बसून अधिकाऱ्यांच्या मिश्या शोधते. माझ्या वडिलांना हवी तशी अजून एकही मिळालेली नाही, म्हणून ते तिला दर रविवारी फोनवर विचारतात.

परवा एका मालिकेत पुन्हा तोच प्रकार आला. यानात धूर, धोक्याचा लाल दिवा, आणि पांढरट दाढीचा एक वयस्क कप्तान मास्क उचलतो. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "हा मेला" असं आम्ही हल्ली म्हणत नाही. मला वाटलं, आई आता विचारतील, ह्याच्या घरी कोण पोटुशी आहे.

आईंनी नातीला जवळ ओढलं. कप्तान मास्कचा पट्टा आवळून धुराकडे निघाला होता.

"अरे, ह्याच्या आवशीला कोन तरी सांगा रे," त्या म्हणाल्या.